गाडीची दहा वर्षांची वॉरंटी मालकाला किती वर्षं पुरते?

नवीन गाडी घ्यायची ठरली की घरात एक वाद हमखास होतो. एक गाडी थोडी महाग आहे, पण कंपनी सात वर्षांची वॉरंटी देतेय. दुसरी स्वस्त आहे, वॉरंटी तीनच वर्षांची. एक जण म्हणतो, "कंपनी सात वर्षं लिहून देतेय म्हणजे गाडी दणकटच असणार." दुसरा म्हणतो, "फुकट कुणी काही देत नाही, वॉरंटीचे पैसे आधीच किमतीत धरलेले असतात." दोघंही ठामपणे बोलतात आणि पुरावा दोघांकडेही नसतो.

नेट-सेटची किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांसाठी मी हा प्रश्न मुद्दाम निवडलाय. मुलाखतीत "तुमचा संशोधन प्रश्न काय?" असं विचारलं की बरेच जण विषय सांगतात, प्रश्न सांगत नाहीत. "गाडीची वॉरंटी" हा विषय झाला. "लांब वॉरंटी मालकाला परवडते का?" हा प्रश्न झाला, पण तोही अजून मोजता येईल असा नाही. तो मोजण्याजोगा कसा करायचा, ते आज टप्प्याटप्प्याने बघू. माझं स्वतःचं काम रिलायबिलिटीच्या संख्याशास्त्रातलं, म्हणजे वस्तू कधी आणि कशा बिघडतात याच्या गणितातलं. त्यामुळे थोडं गणित येईल, पण बारावीच्या पलीकडचं नाही.

आधी "परवडते" म्हणजे काय ते ठरवू

वॉरंटी म्हणजे कंपनीने दिलेलं एक सशर्त वचन. ठरावीक काळात, ठरावीक भाग, ठरावीक कारणाने बिघडला तर आम्ही तो फुकट दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. या वाक्यात "ठरावीक" तीनदा आलंय. जाहिरातीत त्यातलं फक्त पहिलं, म्हणजे वर्षांचा आकडा, मोठ्या अक्षरात असतो.

मालकाच्या बाजूने बघितलं तर वॉरंटीची किंमत साधारण अशी मांडता येते: बिघाड होण्याची शक्यता, गुणिले तो दुरुस्त करायचा खर्च, गुणिले कंपनी तो क्लेम मान्य करण्याची शक्यता. त्यातून वॉरंटी टिकवण्यासाठी मालकाला जो जास्तीचा खर्च करावा लागतो तो वजा करायचा. उरेल ती वॉरंटीची सरासरी किंमत. एका प्रश्नाचे असे चार तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा निदान तत्त्वतः मोजता येतो. घरातल्या वादात पहिला माणूस फक्त बिघाडाच्या शक्यतेबद्दल बोलत होता आणि दुसरा फक्त गाडीच्या किमतीबद्दल. म्हणून वाद मिटत नव्हता.

ह्युंदाईचं उदाहरण

लांब वॉरंटीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ह्युंदाई तिथे १९८६ मध्ये 'एक्सेल' नावाची गाडी घेऊन आली. किंमत ४,९९५ डॉलरपासून पुढे. पहिल्याच वर्षी १,६८,००० पेक्षा जास्त गाड्या विकल्या गेल्या. पण दर्जाच्या तक्रारी वाढत गेल्या, कंपनीच्या नावावर टीव्हीवर विनोद व्हायला लागले आणि १९९८ पर्यंत अमेरिकेतली वर्षाची विक्री नव्वद हजारांच्या आसपास घसरली.

त्याच वर्षी कंपनीने १९९९ च्या मॉडेल्ससाठी इंजिन आणि गिअरबॉक्सवर १० वर्षं किंवा १,००,००० मैल, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी जाहीर केली. बाकीच्या बऱ्याचशा भागांवर ५ वर्षं किंवा ६०,००० मैल. त्या काळी ३ वर्षं किंवा ३६,००० मैल हा तिथला सर्वसाधारण प्रघात होता. २००४ पर्यंत ह्युंदाईची अमेरिकेतली विक्री चार लाखांच्या वर गेली होती. त्याच वर्षी जे. डी. पॉवरच्या सुरुवातीच्या दर्जाच्या पाहणीत ती होंडाच्या बरोबरीला आली.

गोष्ट इथेच थांबवली तर निष्कर्ष सोपा आहे: लांब वॉरंटी म्हणजे चांगली गाडी. पण संशोधक म्हणून दोन गोष्टी विचारायला हव्यात.

पहिली, मोजलं काय? जे. डी. पॉवरची ती पाहणी गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या ९० दिवसांतल्या तक्रारी मोजते. वचन दहा वर्षांचं आणि मोजमाप तीन महिन्यांचं. दार नीट न लागणं, आवाज येणं अशा गोष्टी तीन महिन्यांत कळतात. इंजिन सात वर्षं टिकेल का, हे कळत नाही. तुम्ही वापरलेलं मोजमाप तुमच्या प्रश्नाचंच आहे ना, हे आधी तपासा. याला आपण मोजमापाची वैधता म्हणतो आणि मुलाखतीत यावर हमखास प्रश्न येतो.

दुसरी, पुढे काय झालं? २०११ पासूनच्या काही सोनाटा गाड्यांच्या 'थीटा-२' इंजिनात कारखान्यात राहिलेल्या धातूच्या कणांमुळे ऑइलचा प्रवाह अडून बेअरिंग खराब होण्याचा दोष निघाला. २०१५ मध्ये सुमारे ४,७०,००० गाड्या परत बोलावल्या गेल्या. २०१७ मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून आणखी सुमारे १२ लाख. २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीत सुमारे ४० लाख गाड्यांच्या इंजिनाच्या या भागाला आजीवन वॉरंटी द्यावी लागली. गाड्या वेळेत परत बोलावल्या नाहीत म्हणून २०२० मध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने दोन्ही कंपन्यांशी मिळून २१ कोटी डॉलरची तडजोड केली.

म्हणजे तीच कंपनी, तशीच दहा वर्षांची वॉरंटी, आणि इंजिनात मोठा दोष. मग पहिला निष्कर्ष चुकीचा का? तसंही लगेच म्हणता येणार नाही. त्यासाठी आधी हे बघायला हवं की कंपनी लांब वॉरंटी मुळात देतेच का.

एकाच निरीक्षणाची तीन स्पष्टीकरणं

जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा शोधनिबंध जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन लिहिलेला आहे. विकणाऱ्याला गाडीची खरी अवस्था माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे चांगल्या गाडीलाही चांगला भाव मिळत नाही. यावरचा एक उपाय म्हणून अकरलॉफ यांनी तिथेच गॅरंटीचा उल्लेख केलाय. या विषयावरच्या कामासाठी २००१ मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या पायावर वॉरंटीची तीन स्पष्टीकरणं उभी राहतात.

पहिलं, वॉरंटी हा संकेत आहे. वाईट गाडी बनवणाऱ्याला लांब वॉरंटी महागात पडेल, म्हणून चांगली गाडी बनवणाराच ती देईल. सॅनफोर्ड ग्रॉसमन यांनी १९८१ मध्ये हा युक्तिवाद नीट मांडला. घरातल्या वादातल्या पहिल्या माणसाचं म्हणणं हेच आहे, फक्त त्याला ग्रॉसमन माहीत नाहीत.

दुसरं, वॉरंटी ही भरपाई आहे. नाव खराब झालेली किंवा नवखी कंपनी गिऱ्हाईकाची भीती कमी करायला जास्त वर्षं देते. इथे लांब वॉरंटी उलट कमकुवत बाजू दाखवते.

तिसरं, वॉरंटी हा स्वतःला घातलेला चाबूक आहे. एकदा दहा वर्षं लिहून दिली की प्रत्येक बिघाडाचं बिल कंपनीकडेच येतं. मग डिझाइन आणि कारखाना सुधारण्यात तिचाच फायदा असतो.

आता गंमत बघा. "लांब वॉरंटी असलेल्या गाड्यांचा दर्जा कसा असतो?" या एका प्रश्नाची तीन वेगळी उत्तरं इथे मिळतात. संकेत खरा असेल तर वॉरंटी देताना गाडी आधीच चांगली असली पाहिजे. भरपाई खरी असेल तर वॉरंटी देताना गाडी कमजोर असू शकते. चाबूक खरा असेल तर गाडी नंतर हळूहळू सुधारली पाहिजे. तिन्ही सिद्धांत वेगवेगळ्या वेळेबद्दल वेगवेगळं भाकीत करतात, म्हणून ते तपासता येतात. एकाच वर्षाचा डेटा घेऊन वॉरंटीची वर्षं आणि दर्जा यांचा सहसंबंध काढला तर यातलं काहीच वेगळं करता येणार नाही. तीन परिणाम एकमेकांत मिसळून शून्याच्या जवळचा आकडा येईल आणि आपण म्हणू, "संबंध नाही."

गुआहार्दो, कोहेन आणि नेटेसिन यांनी अमेरिकन गाड्यांच्या डेटावर केलेला अभ्यास २०१६ मध्ये 'मॅनेजमेंट सायन्स'मध्ये आला. त्यांना असं आढळलं की गाडीचा दर्जा जितका कमी, तितका वॉरंटीच्या लांबीचा मागणीवरचा परिणाम जास्त. शिवाय सर्व्हिसचा दर्जा चांगला असेल तर लांब वॉरंटीची किंमत गिऱ्हाईकाच्या नजरेत आणखी वाढते. पहिला निष्कर्ष भरपाईच्या स्पष्टीकरणाशी जुळतो. पण नीट वाचा: हा अभ्यास मागणीबद्दल, म्हणजे लोक काय विकत घेतात याबद्दल आहे. मालकाला शेवटी फायदा झाला का, हा वेगळा प्रश्न. शोधनिबंध वाचताना त्याचा परतंत्र चल कोणता हे पहिल्यांदा शोधायची सवय लावून घ्या.

दहा वर्षं म्हणजे नक्की किती?

आता माझ्या आवडीचा भाग. यंत्रं कशी बिघडतात याचं एक जुनं चित्र आहे, त्याला बाथटब कर्व्ह म्हणतात. सुरुवातीला कारखान्यातल्या दोषांमुळे बिघाड जास्त, मग बरीच वर्षं कमी आणि जवळजवळ स्थिर, आणि शेवटी झीज झाल्यामुळे पुन्हा वाढते. टबाच्या दोन कडा आणि मधला सपाट तळ डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीची कड साधारण सगळ्याच कंपन्यांच्या छोट्या वॉरंटीत येऊन जाते. लांब वॉरंटीची खरी परीक्षा शेवटच्या चढाला होते.

हा चढ वायबुल वितरणाने मांडतात. त्यात एक आकार-प्राचल असतं. ते १ असेल तर बिघाडाचा धोका स्थिर, १ पेक्षा जास्त असेल तर वयाबरोबर वाढणारा. समजा, एखाद्या मोठ्या भागासाठी ते ३ आहे आणि ५ वर्षांपर्यंत १०० पैकी २ गाड्यांत तो भाग बिघडतो. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, कुठल्याही खऱ्या गाडीचे नाहीत. तर गणित असं येतं:

३ वर्षांपर्यंत: सुमारे ०.४ टक्के
५ वर्षांपर्यंत: २ टक्के
७ वर्षांपर्यंत: सुमारे ५.४ टक्के
१० वर्षांपर्यंत: सुमारे १५ टक्के

पाचाची दहा वर्षं झाली, म्हणजे वॉरंटी दुप्पट झाली. पण तिच्यात येणारे बिघाड साडेसातपट झाले. धोका स्थिर असता तर २ चे फक्त ४ टक्के झाले असते. म्हणजे लांब वॉरंटीची किंमत तिच्या शेवटच्या वर्षांत दडलेली असते.

आणि नेमकी तीच वर्षं मालकाच्या हातातून सुटतात. कशी? "१० वर्षं किंवा १,००,००० मैल, जे आधी होईल ते." अमेरिकेत एक चालक वर्षाला सरासरी साडेतेरा हजार मैलांच्या आसपास गाडी चालवतो. त्या हिशोबाने एक लाख मैल ७.४ वर्षांत संपतात. आमच्या उदाहरणात ७.४ वर्षांपर्यंतचा आकडा सुमारे ६.४ टक्के येतो. १५ टक्के संरक्षणाचं वचन ६.४ टक्क्यांवर आलं. पुढे बघा: ह्युंदाईची अमेरिकेतली दहा वर्षांची वॉरंटी पहिल्या मालकापुरती असते. गाडी विकली की दुसऱ्या मालकाला इंजिन-गिअरबॉक्सवर मूळ तारखेपासून ५ वर्षं किंवा ६०,००० मैल एवढीच उरते. पहिल्या मालकाने सहाव्या वर्षी गाडी विकली तर त्याच्यापुरता आकडा ३.४ टक्के. जाहिरातीतल्या संरक्षणाच्या पाव हिस्साही नाही.

याचा अर्थ कंपनी फसवते असा नाही. अटी छापलेल्याच असतात. अर्थ एवढाच की "दहा" हा आकडा गाडीचा गुणधर्म नाही. तो गाडी, तिचं रनिंग आणि मालकाची सवय यांच्यावर मिळून ठरतो. वर्षाला आठ हजार मैल चालवणाऱ्या आणि गाडी न विकणाऱ्या माणसाला पूर्ण दहा वर्षं मिळतात. त्याच शोरूममधून त्याच दिवशी घेतलेल्या दुसऱ्या माणसाला पाचच.

ज्यांना संख्याशास्त्रात संशोधन करायचंय त्यांच्यासाठी इथे एक मोठी खाण आहे. वॉरंटीचा डेटा अर्धवट असतो. वॉरंटी संपल्यावर गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये जाते आणि कंपनीच्या नोंदींतून गायब होते. न बिघडलेल्या गाडीचं रनिंग किती झालं हेही कंपनीला माहीत नसतं, कारण ती गाडी क्लेमसाठी आलेलीच नसते. याला सेन्सॉरिंग म्हणतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले जेराल्ड लॉलेस आणि जॅक कॅल्बफ्लाइश यांनी १९९० च्या दशकात याच अडचणीवर पद्धती विकसित केल्या. "क्लेम कमी आले म्हणजे गाडी चांगली" असं कुणी म्हणालं तर त्यांचे निबंध आठवा.

क्लच प्लेट का नाही, आणि सर्व्हिस आमच्याकडेच का?

आता तिसरा तुकडा: क्लेम मान्य होण्याची शक्यता.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर सगळ्यात जास्त वाद होतो तो क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर यांच्यावरून. हे झिजणारे भाग वॉरंटीत एक तर नसतात किंवा अगदी थोड्या काळापुरते असतात. लोक याला कंपनीची पळवाट म्हणतात. जॉर्ज प्रीस्ट यांनी १९८१ मध्ये 'येल लॉ जर्नल'मध्ये याचं वेगळं स्पष्टीकरण दिलं. बिघाड टाळणं ज्याला स्वस्तात जमतं, त्याच्याकडे त्याची जबाबदारी जाते. क्लच प्लेट किती टिकेल हे बरंचसं चालवणाऱ्याच्या डाव्या पायावर ठरतं. घाटात अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणाऱ्याची प्लेट लवकर जाणार. ती वॉरंटीत घेतली तर त्याचा खर्च नीट चालवणाऱ्यांच्या खिशातून जाईल. उलट, इंजिन ब्लॉकमधला कारखान्यातला दोष मालकाला कितीही काळजी घेतली तरी टाळता येत नाही, म्हणून तो कंपनीकडे.

दुसरी अट सर्व्हिसची. ऑस्ट्रेलियात मित्सुबिशी १० वर्षं किंवा २,००,००० किलोमीटर वॉरंटी देते, पण सगळ्या सर्व्हिस कंपनीच्या डीलरकडे केल्या तरच. नाहीतर ५ वर्षं किंवा १,००,००० किलोमीटर. ब्रिटनमध्ये टोयोटाची सुरुवातीची वॉरंटी ३ वर्षांची. त्यानंतर अधिकृत डीलरकडे सर्व्हिस केली की पुढच्या सर्व्हिसपर्यंत, पण जास्तीत जास्त १२ महिने किंवा १०,००० मैल, ती वाढते. असं करत १० वर्षं किंवा १,००,००० मैलांपर्यंत जाता येतं. म्हणजे ही वॉरंटी मालक हप्त्याहप्त्याने, सर्व्हिसच्या बिलातून विकत घेत असतो. त्यात गैर काही नाही, पण हिशोबात ते धरायला हवं.

आपल्याकडे हा प्रश्न स्पर्धा आयोगापर्यंत गेला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. मुख्य मुद्दा होता सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं. त्याच आदेशात असंही होतं की गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळेच नुकसान झालं असेल तर गोष्ट वेगळी. कंपन्या पुढे अपिलात गेल्या. पण संशोधकासाठी इथला मुद्दा असा की वॉरंटीची अट दुरुस्तीच्या बाजारातली स्पर्धाही ठरवते. तुमच्या नाक्यावरच्या मेकॅनिकचं पोट या अटीशी जोडलेलं आहे.

एक छोटा हिशोब

आता आपल्याकडच्या एका कुटुंबाचा हिशोब मांडू. आकडे पुन्हा धरलेले आहेत, तुमच्या गाडीचे घालून बघा. चौथ्या ते सातव्या वर्षात मोठा बिघाड होण्याची शक्यता ८ टक्के, खर्च ८०,००० रुपये. सरासरी ६,४०० रुपये. मध्यम बिघाडाची शक्यता ३० टक्के, खर्च १२,००० रुपये. सरासरी ३,६०० रुपये. एकूण १०,०००. दहातले आठ क्लेम मान्य होतात असं धरलं तर ८,०००.

आता वजाबाकी. जो माणूस एरवीही कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला जातो, त्याला वॉरंटी टिकवायला जास्तीचं काही लागत नाही. त्याला ८,००० रुपयांचा फायदा. जो तिसऱ्या वर्षानंतर ओळखीच्या गॅरेजमध्ये जातो आणि वर्षाला ३,००० रुपये वाचवतो, त्याला फक्त वॉरंटीसाठी चार वर्षांत १२,००० रुपये जादा मोजावे लागतात. त्याला ४,००० रुपयांचा तोटा. वॉरंटी तीच, गाडी तीच, उत्तराचं चिन्ह उलटं.

मग दुसऱ्या माणसाने वॉरंटी सोडावी का? इथे सरासरी अपुरी पडते. गाडीचा हप्ता भरून महिनाअखेरीस ज्याच्याकडे फारसं काही उरत नाही, त्याच्यासाठी एकदम आलेलं ८०,००० रुपयांचं बिल म्हणजे मुलाची फी लांबणं किंवा सोनं गहाण ठेवणं. तो ४,००० रुपये सरासरी तोटा सोसून शांत झोप विकत घेतोय आणि त्यात अविचार काही नाही. ज्याच्याकडे लाखभर रुपये बाजूला पडलेत, त्याला ही झोप विकत घ्यायची गरज नाही. म्हणून "परवडते का" याचं उत्तर देताना सरासरीबरोबर विचलन आणि मालकाची बचत दोन्ही विचारात घ्यावी लागतात. विम्याच्या अर्थशास्त्रातला हा पहिला धडा आहे.

हे खऱ्या डेटावर कसं तपासता येईल?

सगळ्यात अवघड प्रश्न राहिलाच: वॉरंटीचे पैसे गाडीच्या किमतीत धरलेले असतात का? दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या तुलनेला घेतल्या तर इंजिन, मायलेज, नाव सगळंच वेगळं असतं. पैसे देऊन वाढवलेली वॉरंटी घेणाऱ्यांचा अभ्यास केला तर निवडीचा दोष येतो, कारण जास्त रनिंग असलेले लोकच ती जास्त घेत असतील.

आपल्याला हवी तीच गाडी, तीच कंपनी, फक्त वॉरंटी बदललेली. असं झालंय. मारुती सुझुकीने ९ जुलै २०२४ पासून डिलिव्हरी झालेल्या गाड्यांची मूळ वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १,००,००० किलोमीटर केली. जूनच्या शेवटी आणि जुलैच्या मध्यावर घरी आलेली एकाच मॉडेलची गाडी जवळजवळ सारखीच. पण पहिलीची मूळ वॉरंटी २०२६ च्या उन्हाळ्याअखेर संपते, दुसरीची आणखी वर्षभर चालते. जुन्या गाड्यांच्या बाजारात या दोघींच्या भावात फरक पडतो का? पडला तर तो फरक म्हणजे एका वर्षाच्या वॉरंटीला लोक देत असलेली किंमत. याला आपण खंडितता-आराखडा म्हणतो: एका तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे बघायचं.

अडचणी? काहींनी वाढीव वॉरंटी वेगळी विकत घेतलेली असेल. बदलाची कुणकुण लागून कुणी डिलिव्हरी पुढे ढकलली असेल तर दोन्ही गट सारखे राहणार नाहीत. म्हणून ९ जुलैच्या आसपास डिलिव्हरींची संख्या अचानक वरखाली झाली का, हे आधी तपासायचं. शिवाय महिन्याला पाच हजार किलोमीटर धावणारी गाडी लाखाची मर्यादा २० महिन्यांतच ओलांडते, तिचा गट वेगळा ठेवावा लागेल. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला हा विषय अगदी पुरेसा आहे.

तर, घ्यावी का?

माझं उत्तर असं. लांब वॉरंटी गाडीच्या दर्जाचं प्रमाणपत्र म्हणून वाचू नका, ती भरपाईही असू शकते. पण तुम्ही गाडी बरीच वर्षं ठेवणार असाल, रनिंग मर्यादेच्या बरंच आत असेल, सर्व्हिस एरवीही कंपनीकडेच करत असाल किंवा मोठं बिल अंगावर घेण्याची ताकद नसेल, तर ती तुमच्या कामाची आहे. चौथ्या-पाचव्या वर्षी गाडी बदलणाऱ्याने आणि खूप फिरणाऱ्याने तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. दुसऱ्या मालकाला ती किती मिळते हे मात्र दोघांनीही विचारावं, कारण विकताना तोच भाव ठरवतो.

आणि तुमच्यासाठी गृहपाठ. घरातल्या किंवा शेजारच्या गाडीचं वॉरंटी पुस्तक घ्या. पाच रकाने आखा: वर्षं, किलोमीटर, कोणते भाग, कोणत्या अटी, दुसऱ्या मालकाला काय. मग त्या गाडीचं वर्षाचं खरं रनिंग विचारा आणि वॉरंटी प्रत्यक्षात किती महिने चालेल ते काढा. असं दहा गाड्यांचं केलंत की छापील आकडा आणि खरा आकडा यांतला फरक तुमच्या हातात असेल. तुमचा पहिला डेटासेट तोच.